अंगमेहनतीच्या कामाचे चामडी बूट: माझे अकरा महिन्यांतच का गेले?

कुदळ_फावडे:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिलाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझं काम उघड्यावरचं. खांब रोवायचे, चर खणायचे, दगड रचून बांध घालायचे. दिवसाचे आठ-नऊ तास उभ्याने, त्यातला निम्मा वेळ एक पाय फावड्यावर. गेल्या वर्षी जाडजूड दिसणारे चामड्याचे बूट घेतले तेव्हा वाटलं, आता तीन वर्षं बघायला नको. अकराव्या महिन्यात उजव्याचा तळ पुढून सुटला. चालताना मगरीसारखा जबडा वासतो. चिकटवून आणला, आठ दिवसांत पुन्हा तेच. डाव्याची तऱ्हाच निराळी. तळ शाबूत, पण बोटांच्या मागे जिथे पाऊल वाकतं तिथे आडवी भेग. भेगेतून मोजा दिसतो.

आणि निगा राखत नव्हतो असंही नाही. दर रविवारी तेल चोळायचो. भिजले की शेकोटीशेजारी ठेवून सकाळपर्यंत खडखडीत वाळवायचो. तरी ही गत. नवा जोड तर घ्यायचाच आहे, पण घेताना काय बघायचं तेच कळेनासं झालंय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

नुसताच_वाचक:
मलाही हेच विचारायचं होतं. खुर्ची ओढून बसलोय.

आरीटोचा:
बूट दुरुस्तीत माझी तीस वर्षं गेली, म्हणून लिहितो. खून कुणी केला ते तुम्हीच लिहून टाकलंय भाऊ. एक आरोपी शेकोटी. दुसऱ्याचं नाव सांगा. तेल कुठलं?

कुदळ_फावडे:
जवसाचं, काका. लाकडी दांड्यांना लावायला आणलं होतं, त्यातलं डब्यात उरलेलं. फावड्याच्या दांड्याला चालतं तर बुटाला का नाही, असा विचार केला.

आरीटोचा:
मग सापडले दोघेही.

जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं. पाण्यासारखं उडून जात नाही, जागच्या जागी घट्ट होतं. म्हणूनच ते रंगात नि रोगणात घालतात, आणि म्हणूनच दांड्यावर झकास बसतं. पण दांडा वाकत नाही. बूट दिवसातून हजारो वेळा वाकतो, तोही एकाच रेघेवर. तुम्ही दर रविवारी त्या रेघेत थोडं थोडं रोगण भरत होता. भेगेची कड नखाने खरवडून बघा.

आता शेकोटी. चामडं म्हणजे कोलॅजनच्या तंतूंची गुंतवळ. ओल्या चामड्याला ऊब लागली की हे तंतू आखडतात, आणि एकदा आखडले की परत सुटत नाहीत. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना 70-80 अंश सेल्सिअसलाच आकसायला लागतं. क्रोमने कमावलेलं त्या मानाने चिवट, ते उकळत्या पाण्यातही तग धरतं. पण म्हणून त्याला शेकोटी मानवते असं नाही. पाणी भराभर निघून गेलं की तंतू एकमेकांना चिकटतात आणि चामडं लाकूड होतं. वर जवसाचा लेप. भेग पडणारच होती.

उजव्या बुटाचं खापरही तिच्यावरच फोडतो. तळाचा गोंद उष्णतेने मऊ होतो. कारखान्यात तळ बसवताना गोंद वाळू देतात, मग तापवून जागा करतात आणि दाबतात. तुम्ही तो रात्री पुन्हा जागा करत होता, दाबायला मात्र कुणी नव्हतं.

कुदळ_फावडे:
खरवडून पाहिलं. पिवळसर, राळेसारखी कपची निघाली. नखाखाली अजून आहे.

म्हणजे आळस केला असता तर बूट जास्त टिकले असते!

ओंडका:
जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कुठे कोपऱ्यात फेकली असेल तर आधी ती बाहेर काढा. सुकताना हे तेल उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा, मग टाका. बूट नंतर.

शिवारफेरी:
ओंडका +१. हे गमतीवारी नेऊ नका.

आरीटोचा:
बरं, आता खरेदीचं. लोक बूट हातात आला की आधी वरचं चामडं कुरवाळतात. मी आधी तो उलटा करतो.

सगळा खेळ तळ कसा जोडलाय यावर आहे. नुसता गोंदाने चिकटवलेला तळ असतो, तुमचा तसा होता. दुसरी तऱ्हा म्हणजे बूट साच्यात धरून खाली थेट पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक, ओततात. ते पकडीला घट्ट असतं, पण झिजलं की बूट संपला. तिसरी तऱ्हा वेल्टची. यात वरचं चामडं आणि आतल्या तळाखालची कड, यांच्यासोबत बुटाभोवती फिरणारी चामड्याची अरुंद पट्टी एका शिवणीत घेतात. मग तीच पट्टी आणि बाहेरचा तळ यांची दुसरी शिवण. गंमत या दुसऱ्या शिवणीत आहे. तळ झिजला की तेवढीच उसवायची, नवा तळ शिवायचा, वरच्या बुटाला धक्का नाही. चौथी स्टिचडाउन. वरच्या चामड्याची कड आत दुमडायच्याऐवजी बाहेर पसरवून खालच्या थरावर सरळ शिवून टाकतात. ओल्यात काम करणाऱ्यांना ही मी आवर्जून सांगतो, पाण्याला आत शिरायला वाट कमी राहते.

फसवणूक कुठे होते तेही बघा. पट्टीवर सुरेख टाके दिसतात, पण पट्टी आणि तळ मिळून रबराचा एकच तुकडा असतो आणि टाके त्यात ठसवलेले असतात. म्हणजे नुसती नक्षी. खरा टाका पट्टीतून खाली उतरून मधल्या थरात किंवा तळात गेलेला दिसतो. बाजूने बघितलं की थर मोजता आले पाहिजेत.

चामडं ओळखायचं तर बुटाच्या जिभेची कापलेली कड बघा. रंगाच्या लेपाखाली काय आहे ते तिथे उघडं पडतं. अस्सल वरचा थर असेल तर माथ्याला दाट नि खाली जरा सैल तंतू दिसतात. अंगठ्याने बूट दाबला की बारीक बारीक सुरकुत्या उठतात, सोडला की मिटतात. वर जाड लेप दिलेला असेल तर एकच ढब्बू घडी पडते. जाडी दोन ते अडीच मिलिमीटर असली की पुष्कळ. त्याहून जाड घेतलंत तर बूट तुम्हाला वाकवेल.

अवांतर: या वेल्टच्या यंत्राला ज्याचं नाव आहे तो चार्ल्स गुडइयर म्हणजे रबरवाला नव्हे, त्याचा मुलगा. बापाने 1844 मध्ये रबर पक्कं करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, मुलाने 1870 च्या दशकात हे शिवणयंत्र पुढे आणलं. तळ आणि तळाची शिवण एकाच घरातून आली म्हणायची.

तिसरा_मजला:
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण इथे थोडा असहमत. मी बांधकामावर असतो. वेल्टचा बूट म्हणजे पायाला विटा बांधून परांचीवर चढणं. पहिला महिना तो चावतो तो वेगळाच. मी ओतीव पीयूचे हलके बूट वापरतो, पहिल्या दिवसापासून मऊ, सिमेंटच्या जमिनीवर गुडघ्यांना बरे. वर्षाने फेकतो. आमच्याकडे सिमेंट असं काही लागतं की राव, हौसेने आणलेलं चामडंही वर्षभरात वाळक्या सालीसारखं होतं. दहा वर्षं टिकणारा तळ घेऊन काय करू, वरचा बूटच राहत नाही तर?

आरीटोचा:
यात असहमत होण्यासारखं काही नाही. सिमेंटवाल्यांना मी वेल्ट घ्या म्हणून सांगतच नाही. ओल्या सिमेंटचा पीएच 12-13 असतो आणि चामडं स्वभावाने आंबट, चारच्या आसपास. दोघांचं जमणं शक्य नाही. काँक्रीट ओतायच्या दिवशी सरळ गमबूट घाला. एरवी शिंतोडे उडाले तर ओले असतानाच पुसा, मग व्हिनेगरमध्ये पुष्कळ पाणी घालून त्या फडक्याने एक हात फिरवा. हाच न्याय गोठ्यात काम करणाऱ्यांना. शेणामुताने चामडं नि शिवण दोन्ही कुजतात, तिथे रबरच बरं.

शिवारफेरी:
पीयूच्या तळाची एक गोष्ट. मी हद्दी मोजायचं काम करते, दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर पायी. एकदा एक बूट पायाला फार छान बसला म्हणून त्याचाच दुसरा जोड घेऊन डब्यात जपून ठेवला. सहा वर्षांनी काढला. कोरा करकरीत. सकाळी नऊला घातला आणि साडेदहाला टाच वाळक्या ढेकळासारखी विरघळली. मागे वळून पाहिलं तर पायवाटेवर काळे तुकडे पडलेले, माझ्याच पावलांच्या अंतरावर. परतीची वाट मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून काढली.

हवेतली वाफ पीयूची साखळी हळूहळू तोडते. बूट वापरा नाहीतर डब्यात ठेवा, वय थांबत नाही. तेव्हा पीयूचा तळ साठवून ठेवायची वस्तू नव्हे.

तिसरा_मजला:
पिशव्या बांधून! :D पण ताई, हे माहीत नव्हतं. माझ्याही माळ्यावर एक जोड आहे. आज काढतो.

मापात_पाप:
धाग्यात सुरक्षेचा विषय अजून आलाच नाही, म्हणून थोडं पाल्हाळ.

दगड उचलणाऱ्याने पुढे टोपी असलेलाच बूट घ्यावा. बुटावर आयएसओ 20345 असं छापलेलं असेल (सुरक्षा-बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा हा क्रमांक) तर बोटांवरची टोपी 200 जूलचा आघात आणि 15 किलोन्यूटनची दाब-चाचणी उतरलेली असते. 200 जूल म्हणजे साधारण 20 किलोचा दगड एक मीटरवरून पडला असं समजा. 20346 असेल तर आघाताचा आकडा निम्मा, 100 जूल. 20347 ला टोपीच नसते. दुकानात तिन्ही शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि बाहेरून सारखेच दिसतात.

मग अक्षरं. खणणाऱ्याला एस3 बघा असं मी सांगेन. त्यात तळातून खिळा वर येऊ नये म्हणून मधे थर असतो आणि तळाला खाचा असतात. हा थर पोलादी असेल तर नुसता पी. 2022 च्या आवृत्तीपासून बिनधातूच्या थरासाठी पीएल आणि पीएस अशी दोन अक्षरं आली. पीएलची चाचणी 4.5 मिमीच्या खिळ्याने, पीएसची 3 मिमीच्या. बारीक खिळा जास्त सहज घुसतो, म्हणून जिथे बारीक खिळे पडलेले असतात तिथे पीएस. एस3 मधला पाण्याचा गुण वरच्या चामड्यापुरता असतो, शिवणीचा नाही. पूर्ण बूट पाण्याला तपासलेला हवा असेल तर डब्ल्यूआर, किंवा नव्या आवृत्तीतला एस7.

आणि हो, पोलादी टोपीने बोटं छाटली जातात ही आख्यायिका कृपया कुणी इथे आणू नये. जो भार टोपी चेपेल तो टोपी नसताना बोटांचं काय करेल? फक्त एवढं, की टोपीवर एकदा मोठा घाव बसला की तो बूट बाद. वरून चामडं ठीक दिसलं तरी.

तिसरा_मजला:
आख्यायिका मी आणणारच होतो. बसतो खाली.

कुदळ_फावडे:
आभार मंडळी. जुन्या बुटाची जीभ उलटून पाहिली, आत फक्त माप छापलंय, अक्षर एकही नाही. म्हणजे टोपी होती असं मीच समजत होतो. पुढून ठोकून पाहिलं, नुसता कडक पुठ्ठा वाटतोय.

एक शंका. फावड्यावर पाय दाबून दाबून तळव्याच्या मधोमध दुखतं. हे बुटाचं की माझं?

ओंडका:
बुटाचं. टाच आणि चवडा यांच्या मधल्या कमानीत एक पट्टी घालतात, शँक म्हणतात तिला. पोलादाची किंवा फायबरची. बूट दोन हातांत धरून वाकवा. चवड्यापाशी वाकला तर ठीक. मधोमध दुमडला तर शँक नाही किंवा नावाला आहे. फावडं, शिडी, दोन्हीला ही लागतेच.

टाच उठावदार घ्या. सपाट सलग तळ फरशीवर उत्तम, चिखलाच्या उतारावर घसरगुंडी. शिडीच्या दांडीवर टाच अडकते, तीच तुम्हाला धरून ठेवते. खाचा खोल हव्यात आणि दोन खाचांत अंतर हवं, नाहीतर चिखल भरून तळ गुळगुळीत होतो. आज आपण ज्याला सहज खाचांचा रबरी तळ म्हणतो त्यामागे 1935 चा अपघात आहे. आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक गेले, त्यांच्या पायात थंडीत निभाव न लागणारे बूट होते. त्यांच्यासोबत गेलेल्या व्हिताले ब्रामानी यांनी दोन वर्षांत, 1937 मध्ये, रबराचा खाचांचा तळ काढला. त्यांच्या नावातूनच व्हायब्रम हे नाव झालं.

माझं काम झाडं पाडण्याचं. कुणी चेनसॉ चालवत असेल तर जाड चामड्याच्या भरवशावर राहू नका. त्यासाठी आयएसओ 17249 चे वेगळे बूट असतात. पहिला वर्ग साखळीचा वेग सेकंदाला 20 मीटर धरून तपासतात, दुसरा 24, तिसरा 28.

शिवारफेरी:
मापाबद्दल कुणीच बोललं नाही, आणि खरं दुखणं तिथेच असतं.

संध्याकाळी, काम झाल्यावर, जमिनीवर कोरा कागद टाका. कामावरचे मोजे घालून दोन्ही पाय त्यावर ठेवून उभे राहा, बसून नव्हे, आणि दुसऱ्या कुणाकडून पेन्सिल उभी धरून कड काढून घ्या. दिवसभरात पाय सुजतो, सकाळच्या मापाचा बूट दुपारी चावतो तो त्यामुळेच. हा कागद घेऊन दुकानात जा आणि बुटातला सुटा इनसोल, म्हणजे आतली गादी, काढून त्यावर ठेवा. पायाची रेघ इनसोलच्या बाहेर गेली तर तो बूट अरुंद आहे. "वापरला की सैल होईल" हे चामड्याच्या बाबतीत अर्धसत्य आहे. रुंदीला थोडा सैलावतो, लांबीला नाही. टोपीपाशी तर मुळीच नाही, पोलाद कुठे सैल होणार?

दुसरं, पायाची लांबी दोन ठिकाणी मोजायची असते. टाचेपासून अंगठ्यापर्यंत, आणि टाचेपासून चवड्यापर्यंत. दोन माणसांचा पाय एकाच लांबीचा असून चवडा वेगळ्या जागी असू शकतो. बूट जिथे वाकतो ती रेघ आणि चवड्याची रेघ एक असली पाहिजे. भाऊ, तुमच्या डाव्या बुटाची भेग टोपीला अगदी लागून आहे की जरा मागे? लागून असेल तर बूट तुमच्या मापाचा नव्हता आणि भलत्या जागी वाकत होता.

बाया-मुलींसाठी: पुष्कळदा आपल्याला पुरुषांच्याच कलबुतावर (बूट ज्यावर बेततात त्या पायाच्या साच्यावर) बेतलेला लहान मापाचा बूट पुढे करतात. आपली टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते, मग चवडा नीट बसला की टाच आत वरखाली होते आणि तिथेच फोड. नव्या कडक बुटात टाच थोडी उचलली जाणं ठीक, तळ वाकायला लागला की ते कमी होतं. पण बोट सहज शिरेल इतकी पोकळी असेल तर खुशाल परत करा. दोन मोजे घालून ती भरत बसू नका. मी सात वर्षं तेच करत होते.

कुदळ_फावडे:
ताई, भेग टोपीला लागूनच आहे, म्हणजे टोपी समजत होतो त्या पुठ्ठ्याला. एक माप मोठा घेतला होता, जाड मोजे बसावेत म्हणून. तुमचा नेम अचूक.

नुसताच_वाचक:
वाचनखूण साठवली. एक प्रश्न. पाणी न शिरणारा पडदा आत असलेले बूट मिळतात, ते घेतले की भिजायचा आणि वाळवायचा प्रश्नच मिटला ना?

ओंडका:
पाणी वरून, बुटाच्या काठावरून शिरलं की आतच राहतं. बादली होते.

शिवारफेरी:
थंड नि ओल्या हवेत, घोट्याच्या खालपर्यंतच पाणी असेल तर चांगले. उकाड्यात घामच बाहेर पडत नाही आणि आतून ओला झालेला बूट वाळायला दोन दिवस घेतो. शिवाय पडदा वाकण्याच्या जागी झिजतो. तो फाटला की साधा बूट उरतो, फक्त वाळायला हट्टी. मी दोन साधे जोड ठेवते, आज हा, उद्या तो. एकाच जोडीला रोज राबवलं तर आतला घाम वाळायला वेळच मिळत नाही.

कुदळ_फावडे:
काका, आता तुम्हीच सांगा. शेकोटी बंद, जवस बंद. मग रोज नेमकं करायचं काय? मला सवय लागेल असं सांगा, शास्त्र नको.

आरीटोचा:
शास्त्र नाही, पाच मिनिटांचं काम आहे.

संध्याकाळी बूट काढला की चिखल झाडायचा. ताठ केसांचा ब्रश घ्या आणि सगळ्यात आधी पट्टीची खाच साफ करा, जिथे वरचं चामडं तळाला भेटतं. माझ्याकडे येणाऱ्या बुटांची शिवण चालून तुटत नाही, कुजून तुटते. त्या खाचेत बारीक वाळू बसते, ओली होते, दोऱ्यावर घासत राहते. पुढचा भाग चकचकीत करून आणतात लोक, आणि खाचेत तीन महिन्यांची माती. माझ्याकडे आलेल्या एका बुटाच्या खाचेत गवत उगवलं होतं, दोन पानं आलेली. मालकाला दाखवलं तर म्हणाला, राहू द्या, मुळं धरून ठेवतील.

भिजला असेल तर इनसोल बाहेर, नाडी सैल, जीभ पुढे ओढून ठेवायची. आत वर्तमानपत्राचे सैल बोळे. दीडेक तासाने ओले बोळे काढून कोरडे घालायचे, झोपताना आणखी एकदा. बूट कुशीवर आडवा ठेवा, म्हणजे तळालाही हवा लागते. सावलीत, वारा येईल तिथे. पंखा चालेल, शेगडी नाही, हीटर नाही, गाडीच्या काचेमागचं ऊनही नाही. हात ठेवून बसवणार नाही इतकी जागा तापत असेल तर तिथे बूट ठेवायचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

आठवड्याला ओल्या फडक्याने पुसणं. कपड्याचा साबण नको, तो चामड्याला सिमेंटच्याच जातीचा. घामाचे पांढरे डाग आले तर तेच पाणी घातलेलं व्हिनेगर.

तेलपाणी महिन्या-दोन महिन्यांनी, तेही चामडं मागेल तेव्हा. मागतं म्हणजे काय, तर रंग फिका, खडूसारखा दिसतो आणि वाकल्या जागी बारीक पांढऱ्या रेघा राहतात. मधमाश्यांचं मेण आणि लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण) असलेलं मलम बोटावर हरभऱ्याएवढं घ्या, एका बुटाला तेवढं पुरतं. बोटानेच चोळा, हाताच्या उबेने ते मुरतं. शिवणीवर आणि जिभेच्या घडीत जरा जास्त. रात्रभर ठेवून सकाळी कोरड्या फडक्याने पुसा.

ओंडका:
मी नीट्सफूट तेल वापरतो. गुरांच्या पायांच्या हाडांतून काढतात ते. वीस वर्षं झाली, तक्रार नाही.

आरीटोचा:
चांगलं तेल आहे, चामड्याचं जुनं सोयरं. पण तुमचा हात बसलेला आहे. नवा माणूस ते पाजत सुटतो. चामडं थबथबलं की तंतू सैल पडतात, टाक्यांची भोकं रुंदावतात, घोट्याचा आधार जातो, बूट पायमोजा होतो. तेल कमी पडलं तर उद्या लावता येतं. जास्त झालं तर मला काढता येत नाही.

तिसरा_मजला:
आणि मी काहीच लावत नाही, तरी बूट वर्षभर जातो. हे आपलं सहज.

मापात_पाप:
तुमचा वर्षभर, त्यांचा अकरा महिने. काहीही न लावून तुम्ही एक महिना कमावलात.

नुसताच_वाचक:
कपाटातल्या बुटांवर हिरवट बुरशी आली तर? टाकून द्यायचे?

आरीटोचा:
टाकू नका. बाहेर नेऊन झाडा, घरात झाडली तर ती सगळ्या कपाटाला वाटली जाते. मग व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे, फडक्याने आतबाहेर पुसा, वाऱ्यावर पूर्ण वाळवा आणि मगच मलम. ओलं असताना मलम लावलं तर बुरशीला पांघरूण घातल्यासारखं होतं. इनसोल मात्र बदला.

कुदळ_फावडे:
मंडळी, धागा वर काढतोय. सात महिने झाले.

कागद घेऊन गेलो होतो. दुकानदार हसला, पण इनसोल काढून दिला. पहिले तीन बूट कागदावरच बाद झाले. चौथा घेतला, स्टिचडाउन, एस3, शँक आहे, माप नेहमीपेक्षा एकाने लहान नि रुंदी एकाने जास्त. पहिले दोन आठवडे घरातच तासभर, मग अर्धा दिवस कामावर, जुने बूट सोबत पिशवीत. एकदा डाव्या घोट्याला चावला. तिथे वरचा हूक सोडून नाडी बांधली तर थांबला. कमानीत दुखायचं बंद झालंय.

खाच रोज साफ करतो. मुलगी बोळे बदलते, तिला ते काम फार आवडतं. शेकोटीशेजारी आता मीच बसतो.

एक तक्रार आहे. उजव्या बुटाच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीपाशी, शिवणीचा एक टाका तुटलाय. फावड्याची कड घासते तिथे. दोऱ्याचं टोक मिलिमीटरभर वर आलंय. लगेच आणू का, की तळ झिजेपर्यंत थांबू?

आरीटोचा:
टोक ओढू नका नि कापूही नका. शिवण दोन दोऱ्यांची असते, एक तुटला म्हणून सगळी उसवत नाही, पण ओढलंत तर पुढचे टाकेही सैल होतील. मेणबत्तीचं मेण बोटाने मऊ करून त्या जागी दाबून बसवा, तोवर माती आत जाणार नाही. टाच किती झिजली ते सांगा.

कुदळ_फावडे:
मेण दाबलं. टाच मागून बाहेरच्या बाजूला मोजली, चार-पाच मिलिमीटर गेलीय. आतल्या बाजूला जवळजवळ काही नाही.

आरीटोचा:
मग आणखी महिनाभर घाला आणि दोन्ही कामं एकदमच करून घ्या. टाचेचं रबर संपून वरच्या थराला लागायच्या आत या, नाहीतर तो थरही बदलावा लागतो. येताना बूट झाडून आणा. गवत उगवलेला चालणार नाही.